बागेत लाल खार येते, गावातले लोक करड्या खारींसाठी ट्रॅप ठेवूया म्हणतात, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई नोकरीनिमित्त पुण्याहून इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियातल्या ईडन खोऱ्यात राहायला गेल्यात. बागेत रोज सकाळी लाल खार येते, मुलं खूश आहेत. मग गावातल्या रेड स्क्विरल ग्रुपची, म्हणजे लाल खारी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांची, दोन माणसं घरी आली आणि म्हणाली की करड्या खारींसाठी तुमच्या बागेत एक ट्रॅप ठेवू द्याल का. पकडलेली करडी मारतात हे कळल्यावर घरात सगळ्यांनाच कसंतरी झालं. ताई विचारतात की हे खरंच गरजेचं आहे का, दोन्ही खारी एकत्र राहू शकत नाहीत का, आणि मारण्यात भाग न घेता आपण काही करू शकतो का.

ताई, मी याच पट्ट्यात बरीच वर्षं हे काम करतोय, आधी गावातला स्वयंसेवक म्हणून, मग रेंजर म्हणून, त्यामुळे सरळच सांगतो. हो, गरज आहे. एकत्र राहतात का, तर नाही, काही वर्षं राहतायत असं दिसतं आणि मग लाल दिसायची बंद होते. आणि मारण्याला हातही न लावता तुम्ही या कामातला मोठा भाग उचलू शकता, कारण हे काम मुळात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवावर चालतं. हे शेवटचं लोकांना पटकन पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी करडी खार आली कुठून ते बघा. ती अमेरिकेची. 1876 मध्ये चेशरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये एका जमीनदाराने जोडी सोडली, मग फॅशनच झाली, बेडफर्डच्या ड्यूकने तर आपल्या वोबर्नच्या इस्टेटीवरून इतरांना भेट म्हणून वाटल्या. आयात करण्यावर आणि पाळण्यावर कायद्याने बंदी आली ती 1937 मध्ये, तोपर्यंत उशीर झाला होता. 2018 च्या अंदाजाप्रमाणे ब्रिटनमध्ये करड्या साधारण 27 लाख आणि लाल 2 लाख 87 हजार, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडमध्ये फक्त 39 हजारांच्या आसपास. तुमच्या बागेत येणारी ती त्या 39 हजारातली आहे.

लोकांना वाटतं करडी खार लालीला मारते, चावते. तसं काही नाही. दोघी एकाच फांदीवर बसून खाताना मी पाहिल्यात. करडी वजनाने जवळजवळ दुप्पट, लाल 300 ग्रॅमच्या आसपास तर करडी 500-600, आणि तिला ओकचे कच्चे एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, लालीपेक्षा कितीतरी चांगले पचतात, हेझलनट पिकायच्या आधीच ती झाड साफ करते, शिवाय लालीने जमिनीत पुरून ठेवलेला साठाही उकरून खाते. पानझडी जंगलात एका हेक्टरवर लाल एखादी असते तिथे करड्या सात-आठ राहू शकतात. म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लाल मादी हडकलेली असते, पिल्लं कमी होतात, झालेली जगत नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त दर वर्षी दोन-चार कमी. म्हणून गावातल्या लोकांना ते दिसतच नाही आणि ते म्हणतात की आमच्याकडे दोन्ही आहेत, मजेत आहेत.

आणि मग पॉक्स. स्क्विरलपॉक्स हा विषाणू करड्यांच्या अंगात असतो, त्यांना बहुतेक काही होत नाही, लालीला झाला की सहसा दोन आठवड्यांच्या आत संपते. लस नाही. मी पहिल्यांदा आजारी लाल बघितली तेव्हा ती एका घराच्या फीडरखाली, म्हणजे दाणे ठेवायच्या टांगलेल्या डब्याखाली, बसलेली होती, मी अगदी जवळ गेलो तरी पळाली नाही, आणि लाल खार माणूस बघून पळाली नाही म्हणजेच काहीतरी फार बिघडलंय. डोळ्यांच्या कडा सुजून खपली धरलेली, ओठांवर ओल्या जखमा, पुढच्या पायांची बोटं फुटलेली, हातात दाणा धरायचा प्रयत्न करत होती आणि तो पडत होता. घरच्या आजींना वाटत होतं की खार आता माणसाळली. लिव्हरपूलच्या वरच्या बाजूला समुद्रकाठी फॉर्म्बीचं पाइनचं जंगल आहे, तिथे 2008 च्या साथीत ऐंशी टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या. नंतर ती संख्या पुन्हा सावरली, पण सावरली कारण आजूबाजूच्या लोकांनी करड्या आत येऊ दिल्या नाहीत. स्कॉटलंडमध्ये लालीचा पॉक्सने पहिला मृत्यू 2007 मध्ये लॉकर्बीजवळ सापडला, म्हणजे आपल्यापासून मोटरवेने तासाभराच्या आत. फक्त अन्नाची स्पर्धा असते तेव्हा लाल संपायला वर्षानुवर्षं लागतात, पॉक्स आला की एखाद्या गावातली लाल एका मोसमात संपू शकते. त्यामुळे "एखादी करडी असली तर काय होतंय" हे वाक्य मला ऐकवत नाही.

आता गावाचं काय काम ते सांगतो. 1950 च्या दशकात इथल्या सरकारने करड्यांच्या शेपटीवर इनाम लावलं होतं, शेपटीमागे एक शिलिंग, पुढे दोन. लोकांनी ढिगाने शेपट्या आणून दिल्या, सरकारचे पैसे गेले, करड्या होत्या तिथेच राहिल्या. कारण इनाम असलं की माणूस जिथे भरपूर आहेत तिथे जाऊन मारतो, आणि लालीला वाचवायचं तर जिथे करडी नुकतीच, एकटीदुकटी पोचलीय तिथे तिला गाठावं लागतं. ते ठिकाण कुणाच्या तरी परसात असतं, चर्चच्या मागे असतं, शेताच्या बांधावर असतं, आणि ती पहिली करडी कोणाला दिसते तर सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला. आम्ही रेंजर कितीही गाड्या पळवल्या तरी ती खिडकी आमच्याकडे नाही.

दुसरं म्हणजे जमीन. एका खोऱ्यात साठ-सत्तर मालक असतात, त्यातले दहा मोठे शेतकरी, एखादी इस्टेट, बाकी सगळी घरं आणि बागा. त्यातल्या चार घरांनी दार बंद केलं आणि त्यांच्या बर्ड फीडरवर करड्या जेवत राहिल्या तर बाकी साठ जणांची मेहनत तिथून गळत राहते. धरणाच्या भिंतीला एक भोक पडलं तर बाकीची भिंत किती जाड आहे याने काही फरक पडत नाही, तसंच आहे हे. म्हणून आमच्यापैकी ज्यांना हे काम खरं कळलंय ते ट्रॅपवर कमी आणि लोकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलण्यावर जास्त वेळ घालवतात.

वेल्सच्या अँगलसी बेटाचं उदाहरण इथे सगळे देतात आणि ते द्यायलाच हवं. 1998 च्या सुमारास तिथे पेन्ट्रायथच्या जंगलात कशाबशा चाळीसेक लाल उरल्या होत्या, बाकी बेटभर करड्या. पद्धतशीर काम सुरू केलं, एकेक जंगल, एकेक शेत, एकेक बाग, 2013 पर्यंत बेट करड्यांपासून मोकळं झालं, आज तिथे लाल सातशे-आठशेच्या घरात आहेत. हे बेट असल्यामुळे सोपं होतं असं लोक म्हणतात, पण मध्ये मेनाय सामुद्रधुनी आहे ती काही फार रुंद नाही, वर दोन पूल आहेत, आणि करडी खार पुलावरून चालत येते, वेळ पडली तर पोहतेसुद्धा. म्हणजे काम 2013 ला संपलं नाही, तिथल्या लोकांनी रिपोर्ट करणं थांबवलं तर काही वर्षांत परत पहिल्यासारखं होईल. पुलाच्या पलीकडे मुख्य भूमीवर बँगोरजवळ 2020 च्या हिवाळ्यात पॉक्स आला आणि तिथल्या बहुतेक लाल गेल्या, इतकं ते जवळ आहे.

आता ट्रॅपबद्दल, कारण तुमच्या मनात जे चित्र आहे ते बहुधा वेगळं आहे. हा जाळीचा पिंजरा असतो, जिवंत पकडणारा, कुठेही चिमटा वगैरे नाही. पहिले काही दिवस दार बांधून उघडं ठेवतात, आत-बाहेर हेझलनट, सूर्यफुलाच्या बिया, मका टाकतात, म्हणजे खारींना सवय होते. वरून फळी किंवा फांद्या टाकून झाकतात, पावसापासून आडोसा होतो आणि आत अंधार असला की प्राणी शांत राहतो. सकाळी लावायचा, दिवसातून निदान दोनदा बघायचा, संध्याकाळी दार बंद करून टाकायचं म्हणजे रात्री हेजहॉग किंवा दुसरं कोणी अडकत नाही, खार रात्री फिरतच नाही. लाल सापडली तर तिथल्या तिथे, दार झाडाच्या दिशेला करून सोडायची. तिला 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टचं संरक्षण आहे, तिला धरून ठेवणं, दुसरीकडे नेणं हा गुन्हा आहे. आणि सोडल्यावर पिंजरा जंतुनाशकाने धुवायचा, करडी सापडली असेल तर धुवायचाच धुवायचा, कारण विषाणू जाळीवर राहतो आणि उद्या त्याच जाळीला लाल नाक लावते. मी नवीन माणसाला शिकवताना पकडायचं कसं यापेक्षा धुवायचं कसं यावर दुप्पट वेळ घालवतो.

करडी सापडली की तिला लांब नेऊन सोडता येत नाही. कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी तो आजार दुसऱ्या कोणाच्या लालीला नेऊन दिल्यासारखं झालं असतं. तिला मारायचं काम शिकलेला माणूस करतो, एका क्षणात, दोनच मान्य पद्धती आहेत, एअर रायफल किंवा पोत्यात घेऊन डोक्यावर एक घाव. पाण्यात बुडवणं बेकायदा आहे आणि क्रूर आहे, विषाला परवानगी नाही. कोणी तुम्हाला "आम्ही बादलीत बुडवतो" असं म्हणालं तर त्याला तुमच्या बागेत पाऊल ठेवू देऊ नका आणि ग्रुपच्या कोऑर्डिनेटरला सांगा. चांगला ग्रुप अशा माणसाला त्याच दिवशी काढतो. मला आजही ते काम करताना त्रास होतो, आणि ज्याला अजिबात होत नाही अशा माणसाला मी ट्रॅप देत नाही. करडीची यात काहीच चूक नाही, तिला इथे माणसाने आणलं. म्हणूनच ते नीट, कमीत कमी आणि जिथे उपयोग आहे तिथेच करायचं.

तुम्ही लिहिलंय की लहानपणी रामाने पाठीवरून हात फिरवलेली खार म्हणून गोष्ट ऐकली आणि आता हे कसं करायचं. ताई, ती भावना सोडू नका. आमच्या ग्रुपमध्ये असे कितीतरी लोक आहेत जे मारण्याच्या जवळपासही येत नाहीत. एक शाकाहारी जोडपं आहे, निवृत्त शिक्षक, त्यांनी सुरुवातीला आम्हाला फाटकातूनच परत पाठवलं होतं. मी वाद घातला नाही, ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, देऊन आलो, म्हटलं फक्त बघा कोण येतं. त्यांनी वर्षभर फोटो काढले, तारखा लिहिल्या, उन्हाळ्याच्या शेवटी एकामागून एक करड्या यायला लागल्या तशा लालीच्या फेऱ्या कमी होत गेल्या हे त्यांनी स्वतःच्या वहीत पाहिलं, आणि मग त्यांनीच फोन केला. आजही पिंजऱ्याला ते हात लावत नाहीत, पण त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय त्या टोकाला काय चाललंय हे आम्हाला कळणारच नाही. ज्याला पटत नाही त्याच्यावर जबरदस्ती केली की तो शत्रू होतो, आणि गावात एक चिडलेला माणूस पुढची कितीतरी वर्षं शेजारच्यांनाही सांगत फिरतो.

कॅमेऱ्याचं महत्त्व अजून एका कारणाने आहे. ऑक्टोबरमध्ये एकॉर्न आणि बीच झाडाच्या बिया भरपूर पडलेल्या असतात तेव्हा करडी पिंजऱ्यातल्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. नवीन लोक म्हणतात, ट्रॅप रिकामा आहे म्हणजे संपल्या. संपलेल्या नसतात, पोट भरलेलं असतं. खरं काम फेब्रुवारी ते मे, जेव्हा जंगलात खायला नाही, आणि पुन्हा उन्हाळा संपताना, जेव्हा तरुण करड्या नवी जागा शोधत ओढ्याच्या, झुडपी कुंपणाच्या कडेने पुढे सरकतात. कॅमेरा मात्र बाराही महिने खरं बोलतो. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. आणि करडी नाही दिसली, फक्त लाल दिसली, तरी कळवा. फक्त करड्यांचे रिपोर्ट आले की आमचा नकाशा अर्धाच राहतो.

फीडरबद्दल जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. लालीला खायला घालणं हे बहुतेक लोक प्रेमाने करतात आणि त्यातूनच आजार पसरतो, कारण एरवी वेगवेगळ्या झाडांवर विखुरलेल्या खारी एकाच डब्याच्या झाकणाला तोंड लावतात. फीडर आठवड्यातून एकदा तरी जंतुनाशकाने घासून, नीट धुवून, पूर्ण वाळवून परत लावायचा. दोन फीडर ठेवा म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. रोज भरू नका, थोडं टाका, मध्ये दिवस सोडा. नुसते शेंगदाणे नकोत, त्यात कॅल्शियम अगदी कमी असतं, हेझलनट, सूर्यफूल, पाइनच्या बिया मिसळा, आणि झाडाखाली हरणाच्या शिंगाचा तुकडा ठेवला तर खारी तो कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळतं. मीठ लावलेलं काहीही नको. आपल्या घरात फरसाण असतंच आणि मुलं टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि ज्या दिवशी खपलीवाली, सुस्त लाल दिसेल त्या दिवशी फीडर काढा, शेजाऱ्यांनाही काढायला लावा, ग्रुपला फोन करा, काही आठवडे लावूच नका. मेलेली सापडली तर उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे घालून दोन पिशव्यांत ठेवा, तपासणीला पाठवायची असते.

गावात बोलताना कोणाला काय सांगायचं हेही हळूहळू कळतं. शेतकऱ्याला आणि इस्टेटवाल्याला लालीचा गोंडसपणा सांगून काही होत नाही, त्याला त्याच्या दहा ते चाळीस वर्षांच्या ओक, बीच, सिकॅमोरच्या खोडांची साल दाखवायची, करड्यांनी सोललेली, ते झाड लाकूड म्हणून गेलं असतं ते आता गेलं कामातून. शाळेतल्या मुलांना हेझलनटची टरफलं द्यायची, खारीने फोडलेली सरळ दोन भागांत होते आणि उंदराने कुरतडलेलीला गोल भोक असतं, मुलं तासभर त्यातच असतात आणि संध्याकाळी आईबापांना घेऊन जंगलात जातात. रस्त्यावर गाडीखाली लाल जाते तिथे दोन झाडांमध्ये जाड दोर बांधायचा, त्यावरून त्या ये-जा करतात. हे दोर बांधायला सगळं गाव येतं, जे ट्रॅपच्या मीटिंगला कधीच येत नाहीत तेसुद्धा, आणि तिथे ओळखी होतात.

पुढे काही बदलेल का, असंही तुम्ही विचारलंय. थोडी आशा आहे. पाइन मार्टेन, म्हणजे मांजराएवढा झाडावर चढणारा शिकारी, आयर्लंडच्या मध्य भागात परत वाढला तिथे करड्या कमी झाल्या आणि लाल परतल्या, हे अभ्यासात दिसलं, नंतर स्कॉटलंडमध्येही तसंच दिसलं. लाल हजारो वर्षं त्याच्यासोबत राहिलीय, करडीला त्याची भीतीच माहीत नाही. आता मार्टेन स्कॉटलंडकडून कील्डरच्या जंगलात उतरलाय, आणि इंग्लंडमधल्या लालीचा सगळ्यात मोठा गड कील्डरच आहे, तिथल्या स्प्रूसच्या बारीक बियांवर लाल जगते, करडीला त्या फार परवडत नाहीत. पण मार्टेन शहराजवळ, बागांमध्ये फारसा येत नाही, आणि तो कोंबड्याही नेतो, म्हणजे त्यासाठीही आधी कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्याशी बोलून खुराड्याला नीट जाळी आणि दार करून द्यावं लागतं. करड्यांसाठी गर्भनिरोधकाचंही संशोधन चाललंय, हेझलनटच्या लगद्यात औषध, आणि असा फीडर ज्याचं दार वजनदार करडीलाच उघडेल, हलक्या लालीला नाही. ते यशस्वी झालं तर माझ्याइतका आनंद कोणालाच होणार नाही. पण ते हातात येईपर्यंत लाल शिल्लक राहायला हवी, आणि ती ट्रॅपशिवाय राहत नाही.

जाता जाता, तुम्ही भीमाशंकरच्या शेकरूला हीच पद्धत लावता येईल का म्हणालात. ट्रॅपचा तिथे संबंध नाही, शेकरूला बाहेरून आलेल्या खारीचा त्रास नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे, तो जमिनीवर सहसा उतरत नाही, त्यामुळे झाडाला झाड लागलेलं नसलं की तो अडकतो, रस्ता रुंद झाला, मधली चार झाडं गेली, वणवा लागला की संपलं. पण देवराई राखणारी महादेव कोळी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या राहतायत, कोणत्या झाडावर घरटं आहे, कोणत्या वर्षी फळ धरलं नाही हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि त्यांना विचारल्याशिवाय आखलेलं कोणतंही काम तिथे टिकणार नाही, हे मी इथे जे शिकलो त्यावरून खात्रीने सांगतो.

तर आता तुमच्यापुरतं. त्या दोन माणसांना परत चहाला बोलवा. त्यांना विचारा की ट्रॅप कोण बघणार, दिवसातून किती वेळा, मारणार कोण आणि कुठे, पिंजरा धुणार कोण. सरळ उत्तरं देतात का बघा. तुमच्या बागेत ट्रॅप ठेवायचा असेल तर मुलं शाळेत असतानाच तो माणूस येऊन बघून जाईल अशी अट घाला, सगळे मान्य करतात. नको असेल तर नको म्हणा, पण कॅमेरा मागून घ्या, आणि कॅमेऱ्यात करडी दिसली की त्याच दिवशी कळवायचं कबूल करा, मग ते ट्रॅप पलीकडच्या शेतकऱ्याच्या बांधावर लावतील. मुलांना खोटं सांगू नका, त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा, ती आपल्याला वाटतं त्यापेक्षा शांतपणे ऐकतात आणि प्रश्न फार चांगले विचारतात. आणि फीडर आजच काढून धुवा, तुमच्या फोटोत झाकणावर हिरवं शेवाळ दिसतंय.